मुलं काही महिने एकटी राहणार आहेत, घरात संरक्षणासाठी काय ठेवावं?

वर्षा_मनीषनगर
नमस्कार मंडळी. थोडं मोठं लिहितेय, पण सगळं सांगितल्याशिवाय नीट सल्ला मिळणार नाही. सासूबाईंचं यवतमाळला ऑपरेशन झालंय, त्यामुळे मी आणि मिस्टर पुढचे काही महिने बहुतेक तिकडेच असू, मधूनमधून नागपूरला येऊन जाऊ. इथे मनीष नगरच्या घरात लेक आणि मुलगा दोघंच. लेक २३ ची, मिहानला कंपनीत आहे, शिफ्ट असते, कधी कधी रात्री उशिरा येते. मुलगा १९ चा, इंजिनिअरिंगला. रो हाउस आहे, खाली हॉल-किचन, वर दोन बेडरूम आणि गच्ची.

मागे आमच्याच लेआउटमध्ये दोन घरं सोडून चोरी झाली, तीही माणसं घरात झोपलेली असताना. कुणाला इजा नाही झाली पण तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. दागिने मी बँकेच्या लॉकरमध्ये ठेवून जाईन, ते गेले तर गेले, पण पोरं आत असताना कोणी शिरलं तर काय?

मिस्टर म्हणतात बंदुकीचं लायसन्स काढू. भावाने ऑनलाइन स्टन गन बघून ठेवलीये. मुलाला एअरगन हवी. वहिनी म्हणते पेपर स्प्रे दे. शेजारच्या काकूंनी मिरचीपूड आणि कोयता दाराशी ठेवायला सांगितला. लेक म्हणते आई काहीच नको, आम्ही लहान नाही. लहान नाहीतच, म्हणून त्यांच्यावर काही लादायचं नाहीये, पण काहीतरी ठरल्याशिवाय मला तिकडे झोप लागणार नाही. ज्यांची मुलं अशी राहतात त्यांनी काय केलं ते सांगा.

खामल्याचा_प्रशांत
ताई, हत्याराचं मागून पाहू, आधी घर कुठून कच्चं आहे ते पाहा. माझं फॅब्रिकेशनचं काम आहे, ग्रिल, गेट, सेफ्टी डोअर. लोकं बहुतेक चोरी झाल्यावरच बोलावतात म्हणून चोर कुठून शिरले ते पाहायला मिळते. आपल्या नागपुरात सगळ्यात कमजोर जागा म्हणजे कूलरची खिडकी. कूलर बसवायला ग्रिल कापलेलं असते, बाहेर स्टँडवर कूलर ठेवलेला, तो सरकवला की माणूस सरळ आत येईल एवढी जागा. अन् एप्रिल ते जून रात्रभर कूलर चालू राहिला की त्याच्या आवाजात खाली काय होऊन राहिलं ते वरच्या खोलीत कळतच नाही. त्या जागेवर आतून ग्रिलची एक चौकट लावून घ्या, हवा येते, माणूस येत नाही.

दुसरं म्हणजे गच्चीचं दार. रो हाउसमध्ये बाजूच्या गच्चीवरून उडी मारून येता येते अन् जिन्याचं दार बहुतेक घरी पत्र्याचं, एक बारकी कडी. तिथे जाड दार अन् आतून आडवा लोखंडी अडसर पाहिजेच. मेन दाराच्या एकट्या लॅचवर भरोसा नका ठेवू, बिजागरीचे अन् कोयंड्याचे स्क्रू काढून पाहा, अर्धा-पाऊण इंचाचे असतील तर एका लाथेत चौकटीतून निघतात, लांब स्क्रू टाका, त्याला काहीच खर्च नाही. बाहेरच्या कडीची गरज नसेल तर काढून टाका. चोर आधी आजूबाजूच्या घरांच्या बाहेरून कड्या लावतात, मग लोकं ओरडा ऐकूनही बाहेर निघू शकत नाहीत. शेजाऱ्यांनाही हे सांगा.

शिल्पा_त्रिमूर्तीनगर
प्रशांतभाऊंचं सगळं बरोबर, पण वर्षाताई एक गोष्ट विसरू नका. सगळं घर ग्रिलने पक्कं बंद केलं आणि रात्री एसीला किंवा कूलरच्या वायरला आग लागली तर पोरं बाहेर कशी पडणार? आमच्या ओळखीत एका फ्लॅटमध्ये असं झालं होतं, बाल्कनीला पूर्ण जाळी, खालून लोक ओरडताहेत आणि आतल्यांना बाहेर येता येईना, शेवटी जाळी कापून काढलं. वरच्या मजल्यावर एका तरी खिडकीचं ग्रिल आतून उघडणारं ठेवा, त्याला कुलूप असेल तर किल्ली जवळच पण बाहेरून हात पोचणार नाही अशी टांगा, आणि ती कुठे आहे हे दोघांनाही अंधारात सापडलं पाहिजे.

खामल्याचा_प्रशांत
हाव, शिल्पाताई बरोबर बोलल्या. उघडणारं ग्रिल बनते, बिजागरीवर, मी स्वतः बेडरूमला तेच सुचवतो पण लोकं दोन पैसे वाचवायला नाही म्हणतात.

संजय_महाल
हे सगळं ठीक आहे हो, पण दार तोडून कोणी आलाच तर? तेव्हा पोरांच्या हातात काहीतरी पाहिजे ना. मी तर म्हणतो पलंगाजवळ बॅट ठेवा, क्रिकेटची साधी बॅट, त्याला ना लायसन्स ना काही. आमच्याकडे आजोबांच्या वेळेपासून दारामागे काठी आहे, आजही आहे. नुसतं लपून बसायला शिकवलं तर मुलं भित्री होतात असं माझं स्पष्ट मत आहे.

ॲड_धंतोली
फौजदारी कामं पाहतो म्हणून कायद्याचं तेवढं लिहितो, कारण वरच्या यादीतल्या अर्ध्या वस्तूंनी मुलंच अडचणीत येतील.

बंदूक. लायसन्ससाठी वय किमान २१ लागतं, म्हणजे मुलगा बादच. शहरात अर्ज पोलीस आयुक्तालयात जातो, पोलीस चौकशी होते, हत्यार सुरक्षित हाताळण्याचं प्रशिक्षण लागतं, आणि लेआउटमध्ये चोरी झाली एवढ्या कारणावर ते मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. मुख्य म्हणजे लायसन्स माणसाच्या नावावर असतं, घराच्या नाही. साहेब यवतमाळला आणि बंदूक नागपूरला मुलांजवळ, हे चालतच नाही. हा विषय माझ्या मते इथेच संपवा.

एअरगन. ०.१७७ बोअरची आणि २० ज्युलपेक्षा कमी ताकदीची असेल तर लायसन्स लागत नाही, म्हणून दुकानात सहज मिळते. पण तिच्या छर्‍याने अंगावर आलेला माणूस थांबत नाही आणि डोळ्याला लागला तर डोळा जातो. शिवाय अंधारात समोरच्याला ती खरी बंदूक वाटते, तो त्या हिशोबाने वागतो. नेमबाजीची आवड असेल तर रेंजवर जाऊन शिकू द्या, चांगला खेळ आहे, घराच्या रक्षणासाठी नको.

कोयता, तलवार, मोठा सुरा. घरगुती किंवा शेतीच्या वापराचं नसलेलं, ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचं हत्यार आर्म्स ॲक्टमध्ये अडकू शकतं. याच कायद्याच्या कलम ४/२५ च्या केसेस नागपुरात रोज होतात. ऑनलाइन मिळतं म्हणून कायदेशीर असं समजू नका, २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवड आणि औरंगाबादला कुरियरने आलेल्या तलवारी पोलिसांनी पकडल्या होत्या. कायदा बाजूला ठेवला तरी हातातलं पातं हिसकावलं गेलं की ते आपल्यावरच चालतं.

आता संजयभाऊंची बॅट. भारतीय न्याय संहितेत, जी १ जुलै २०२४ पासून लागू आहे, कलम ३४ ते ४४ मध्ये स्वतःच्या, दुसऱ्याच्या शरीराच्या आणि मालमत्तेच्या बचावाचा हक्क दिला आहे, पूर्वी हेच आयपीसी ९६ ते १०६ होतं. सूर्यास्तानंतर घरफोडी करून शिरलेल्या माणसाविरुद्ध हा हक्क बराच मोठा आहे. पण गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ होता तर हक्क सांगता येत नाही. दारातून आत येणाऱ्याला बॅट मारली हे बचावात बसतं. तो पडला, पकडला गेला, हात बांधले आणि मग चारचौघांनी बदडला, हे बसत नाही. अशा वेळी चोर फिर्यादी होतो आणि १९ वर्षांचा मुलगा आरोपी, मी अशी प्रकरणं चालवली आहेत.

संजय_महाल
वकीलसाहेब, हे पोरांना कळलं पाहिजे हे मान्य. पण तुम्हीच म्हणता आत येणाऱ्याला मारता येतं, मग काठी ठेवायला हरकत काय?

ॲड_धंतोली
हरकत नाही. फक्त काठी घेऊन आवाजाच्या दिशेने खाली जायचं नाही एवढंच मुलांना पक्कं सांगा. वरच्या खोलीचं दार लावून आत थांबायचं, फोन करायचा, आणि ते दार फुटलं तर काठी. जिना उतरून शोधायला गेलेला मुलगा किती जण आहेत, त्यांच्या हातात काय आहे, काहीच माहीत नसताना जातो.

मृणाल_जरीपटका
मी पेपर स्प्रेबद्दल लिहिते, कॉलेजपासून वापरतेय म्हणजे जवळ बाळगतेय. लायसन्स लागत नाही, दुकानात आणि ऑनलाइन मिळतो, त्यात मिरचीतलाच तिखट अर्क असतो. पण लोक घेतात आणि पर्सच्या तळाशी टाकून विसरतात, त्याचा काही उपयोग नाही. एक्सपायरी तारीख असते, ती गेली की आतला दाब कमी होतो आणि फवारा दोन फुटांवर पडतो. एक जुना डबा मोकळ्या मैदानात, वाऱ्याकडे पाठ करून, मारून बघा म्हणजे सेफ्टी कशी उघडते, किती लांब जातो ते हाताला कळतं. घाबरल्यावर बोटं ऐकत नाहीत, म्हणून सवय पाहिजे.

आणि वर्षाताई हे खास आपल्या गावासाठी, उन्हाळ्यात स्कूटीच्या डिक्कीत किंवा कारमध्ये ठेवू देऊ नका. डब्यावर ५० डिग्रीच्या वर नेऊ नये असं लिहिलेलं असतं, नागपूरच्या मे महिन्यात सावलीतच ४५-४६ होतं, उन्हातल्या डिक्कीत विचार करा.

घराच्या आत मात्र मला तो फारसा पसंत नाही. बंद खोलीत मारला की आपल्यालाही खोकला आणि डोळे बंद, दम्याचा त्रास कुणाला असेल तर फारच वाईट. आत मारायचाच तर धुक्यासारखा नको, सरळ धार मारणारा घ्या. चुकून आपल्याला लागला तर डोळे चोळायचे नाहीत, भरपूर गार पाणी, लेन्स असतील तर आधी काढायच्या.

मिरचीपुडीचं ऐकू नका. भिवापुरी मिरची कितीही तिखट असो, पूड फेकली की पंख्याने सगळीकडे उडते आणि आधी फेकणाऱ्याच्याच डोळ्यात जाते.

ॲड_धंतोली
मृणालताईंच्या पोस्टला जोडून एवढंच की पेपर स्प्रे म्हणजे खेळणं नाही. कर्नाटक हायकोर्टाने २०२४ मध्ये एका प्रकरणात त्याला धोकादायक हत्यार मानून गुन्हा रद्द करायला नकार दिला होता. भांडणात, पार्किंगच्या वादात, कुणी आवाज चढवला म्हणून मारायचा नाही. आणि विमानात केबिन बॅगेत चालत नाही, मुलगी प्रवास करत असेल तर आधी काढून ठेवायला सांगा.

वर्षा_मनीषनगर
बापरे किती नीट लिहिलंय सगळ्यांनी. बंदूक कटाप, मिस्टरांना वकीलसाहेबांची पोस्ट वाचून दाखवली, त्यांनी मान डोलावली. कोयता कधी ठेवणारच नव्हते. स्टन गनबद्दल कुणाला अनुभव आहे का? भाऊ रोज विचारतोय, टॉर्चसारखी दिसते ती.

मृणाल_जरीपटका
ताई, ती अंगाला टेकवावी लागते. म्हणजे माणूस हात धरण्याइतका जवळ आल्याशिवाय उपयोग नाही, आणि स्वस्त टॉर्चवाल्या नुसत्या कडकड आवाज करतात. भरवशाची वस्तू नाही ती. त्यापेक्षा खरी चांगली मोठी टॉर्च घ्या, लाइट गेल्यावर कामाला येते आणि अंधारात डोळ्यावर मारली तर क्षणभर समोरच्याला काही दिसत नाही.

निवृत्त_वाडी
मी पोलीस खात्यातून रिटायर झालो. एक गोष्ट बघून राहिलो की इथे सगळे वस्तूंबद्दल बोलतात, फोनबद्दल कोणीच नाही.

११२ लावायचं, १०० ची वाट पाहायची नाही. ११२ ची महाराष्ट्राची केंद्रं नवी मुंबईला अन् आपल्या नागपूरला आहेत, तिथून माहिती जवळच्या गाडीला जाते. फोन घेणाऱ्याला तुमची गल्ली माहीत नसते. अन् नागपूरचे पत्ते तुम्हाला माहीतच आहेत, प्लॉट नंबर अमुक, लेआउट तमुक, एकाच नावाचे लेआउट शहराच्या दोन टोकांना, नंबरही ओळीने नाहीत. झोपेतून उठलेल्या पोराला स्वतःच्या घराचा पत्ता नीट सांगता येत नाही. एका कागदावर प्लॉट नंबर, लेआउटचं पूर्ण नाव, जवळचं मंदिर किंवा शाळा, मेन रोडवरून कोणतं वळण, हे लिहून वरच्या बेडरूमच्या दारामागे चिकटवा. गेटवर नंबर मोठा अन् रात्री दिसेल असा लिहा, वर बल्ब लावा. गाडी गल्लीत फिरत राहते अन् घर सापडत नाही, हे मी नोकरीत फार पाहिलं.

सांगताना पहिलं वाक्य पत्त्याचं, मग काय झालं, मग घरात कोण अन् कुठे आहे. फोन कट झाला तरी पत्ता गेलेला असतो.

आणि शेजारी. आमच्या वेळी गल्लीतला माणूस खोकला तरी समोरचा विचारायचा. आता दोन घरांचे तरी नंबर दोन्ही पोरांच्या फोनमध्ये पाहिजेत, रात्रीचा फोन उचलतील असे. त्यांना आधी जाऊन भेटा, आम्ही नाही आहोत, पोरं आहेत, असं सांगा. सगळ्या लेआउटला सांगायची गरज नाही अन् पोरांनी तर कुठेच स्टेटसला टाकू नये की आईबाबा गावाला.

रातराणी_सोमलवाडा
मी वर्षाकाकूंच्या लेकीच्याच वयाची आहे, भावासोबत राहते, आईबाबा गोंदियाला. काकू, मोठ्यांनी सगळं चांगलं सांगितलं आहे पण आमच्या बाजूनेही लिहिते.

आम्हाला जी भीती वाटते ती बहुतेक वेळा रात्री अडीचच्या दरोड्याची नसते. दुपारी एकटी असताना बेल वाजते आणि कोणीतरी म्हणतं गॅसवाला, आरओवाला, कुरियर, मीटर बघायचंय. नाही म्हणायला लाज वाटते, कारण लहानपणापासून आलेल्या माणसाला पाणी विचारायचं शिकवलंय. आईने मला स्पष्ट सांगितलं की दार न उघडणं उद्धटपणा नाही, सेफ्टी डोअरच्या आतून बोल, पार्सल गेटवर ठेवायला सांग, आपण बोलावलं नसेल तर परत पाठव. हे आईने तोंडाने म्हटलं म्हणून मला ते करता येतं. तुम्हीपण म्हणा.

दुसरी भीती कॅबमधून उतरून कुलूप उघडेपर्यंतची. गेटपासून दारापर्यंत सेन्सरचा लाइट लावा, माणूस आला की आपोआप लागतो, फार महाग नाही. किल्ली उतरायच्या आधी हातात. आणि रात्रीची शिफ्ट असेल तर महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात बायकांना घराच्या दारापर्यंत सोडायची जबाबदारी कंपनीची आहे, कोपऱ्यावर सोडणारा कॅबवाला असेल तर तिने एचआरला लिहून कळवावं. मी कळवलं, आता गाडी मी आत जाईपर्यंत थांबते.

आणि कॅमेरा. गेटला, गच्चीच्या जिन्याला जरूर लावा. हॉलमध्ये लावून यवतमाळहून बघत बसू नका प्लीज. माझ्या मैत्रिणीकडे असं केलं, तिने वायर काढून ठेवली, आता बाहेरचाही बंद.

वर्षा_मनीषनगर
रातराणी बेटा, हे वाचून लेकीला फोन दिला हातात, तिने वाचलं आणि म्हणाली आई हेच तर. हॉलचा कॅमेरा खरंच माझ्या मनात होता, नाही लावणार.

काठीवाले_सर
उशिरा आलो धाग्यावर. मी मुलामुलींना लाठी-काठी आणि थोडं ज्युदो शिकवतो, स्वतः अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात तयार झालो. संजयभाऊंच्या काठीबद्दल सांगतो. घरात, जिन्यावर, पलंग-कपाटाच्या मधे काठी किंवा बॅट फिरवायला जागाच नसते, पंख्याला नाहीतर चौकटीला लागते. काठी घरात वापरायची ती पुढे रोखून, समोरच्याला अंतरावर ठेवायला, आणि तेवढं करायलाही सराव लागतो.

शिकायला पाठवाच, पण एका रविवारच्या शिबिरावर भरवसा ठेवू नका. तिथे मनगट सोडवायचे डाव दाखवतात, टाळ्या होतात, आठवड्यात विसरलेलं असतं. आठवड्यातून दोनदा, काही महिने सलग, आणि जोडीदार खरा जोर लावून धरतोय अशा ठिकाणी पाठवा. क्लास बघायला जाल तेव्हा हे पाहा की पोरांना ओरडायला शिकवतात का. आपल्या मुलींच्या तोंडून मोठा आवाज निघतच नाही, पहिल्या दिवशी सगळ्या हसतात, तो मोकळा व्हायला वेळ लागतो. धक्का देऊन सुटायचं आणि पळायचं, एवढंच मी शिकवतो. भाऊ-बहीण दोघांनाही पाठवा, भावाला वगळू नका, उलट १९-२० च्या मुलांनाच मागे हटायचं शिकवावं लागतं.

संजय_महाल
सर, जिन्यात काठी फिरत नाही हे पटलं. आमच्याकडे वाडा आहे, अंगण मोठं, म्हणून तसं लक्षात आलं नाही.

वर्षा_मनीषनगर
मंडळी, काय ठरलं ते सांगते. या वेळी आम्ही दोघांनी ठरवून त्यांना सांगितलं नाही, चौघं बसलो. गच्चीचं दार बदलतोय, कूलरच्या खिडकीला आतून चौकट, लेकीच्या खोलीची खिडकी उघडणारी. त्याच खोलीच्या दाराला आतून भक्कम कडी, काही झालं तर दोघांनी तिथेच जमायचं. पत्ता लिहून चिकटवला. समोरच्या काका-काकूंकडे जाऊन आलो, काकूंनी स्वतःहून म्हटलं की रात्री कधीही फोन करा. पेपर स्प्रे लेकीच्या ऑफिस बॅगेत, बाहेरच्या कप्प्यात. एअरगन नाही, मुलगा थोडा रुसला पण ज्युदोला जायला तयार झाला, आता रोज सरांचा नंबर विचारतोय.

काल रात्री लेकीने न सांगता लाइट बंद करून भावाला हाक मारली, खाली कोणीतरी आहे म्हणून. मुलगा उठला आणि सरळ जिन्याकडे गेला. तिने त्याला परत बोलावून खोलीत घेतलं आणि म्हणाली आता फोन लावल्यासारखं बोल. लेआउटचं नाव त्याला आठवेना, कागद बघून सांगितलं. दोघं नंतर बराच वेळ बोलत बसले होते. लेकीचा एक प्रश्न आहे, आवाज न करता मदत मागायची असेल, म्हणजे कोणी दारापाशीच उभा आहे आणि बोलता येत नाही, तर काय?

निवृत्त_वाडी
चांगला प्रश्न विचारला पोरीने. ११२ इंडिया ॲप दोघांच्या फोनमध्ये टाका अन् त्यात नाव, पत्ता, घरच्यांचे नंबर आत्ताच भरून ठेवा. फोनच्या सेटिंगमध्ये इमर्जन्सी एसओएस असते, बटन लागोपाठ दाबलं की ठरवलेल्या नंबरांना लोकेशन जाते. तुमच्या फोनला किती वेळा दाबावं लागते ते सेटिंगमध्येच दिसेल. त्यात फक्त तुमचा अन् साहेबांचा नंबर नका टाकू, तुम्ही यवतमाळला. समोरच्या काकांचा टाका. अन् त्यांना दाखवून ठेवा की असा मेसेज आला म्हणजे काय करायचं, एकट्याने आत जायचं नाही, पहिले ११२ लावायचं, मग बाहेरचे लाइट लावून दोन-चार घरं उठवायची. सायलेंट करून एकदा खरंच पाठवून पाहा, एसओएसच्या वेळी काही फोन सायलेंटवरही जोरात वाजतात, ते सेटिंगमधून बंद करता येते.